चौथ्या डब्यातली गोष्ट

मित्रांनो, मी एक जुना सिनेमा आहे. बोटभर रुंदीची काळी-पांढरी फीत, चार चाकांवर गुंडाळलेली आणि चार पत्र्याच्या डब्यांत ठेवलेली. ‘चार हातांच्या गोष्टी’ हे माझं नाव. तुम्ही ते ऐकलेलं नसणार. तुमच्या आजी-आजोबांनीही ऐकलेलं नसेल. मी कधी गाजलोच नाही.

साठेक वर्षांपूर्वी कोल्हापुरात, भाड्याच्या दोन खोल्यांत माझा जन्म झाला. चार चित्रकारांनी मिळून मला घडवलं. प्रत्येकाची गोष्ट वेगळी, हात वेगळा आणि डबाही वेगळा. पहिल्याने पारदर्शक पानांवर रंगवून चित्रं हलवली. दुसऱ्याने कागदाच्या कात्रणांचे हत्ती-घोडे नाचवले. तिसऱ्याने काचेवर वाळू पसरून तिच्यातून नदी वाहवली. चौथ्या होत्या विद्युल्लताबाई. त्या कोळशाने काम करत. एकाच कागदावर चित्र काढायचं, कॅमेऱ्याने टिपायचं, थोडं खोडायचं आणि तिथेच पुढचं काढायचं. गोष्ट संपली तेव्हा त्यांच्या हातात एक मळकट कागद तेवढा उरला होता. बाकी सगळं माझ्या फितीवर होतं.

चाळीस मिनिटांच्या माझ्यासाठी त्यांची तीन वर्षं गेली. संवाद नव्हते, फक्त वाद्यं होती. थिएटरवाल्यांनी मला घेतलं नाही. लांबी कमी, नट-नटी नाहीत, चित्रं कोण बघणार, असं ते म्हणाले. माझ्या सात प्रती निघाल्या आणि शाळांना दाखवण्यासाठी गावोगाव गेल्या. सहा प्रती झिजल्या, तुटल्या, रद्दीत गेल्या. ज्या मूळ फितीवरून आम्ही निघालो, ती चांदी काढण्यासाठी गाळली गेली. जुन्या फितीत थोडी चांदी असते ना! सातवी प्रत मी. मी बनारसच्या एका कचेरीत पडून होतो. ती कचेरी बंद झाली आणि भंगारवाला दारात आला.

त्याच दिवशी बिंदुमाधव तिथे पोहोचले. दुर्गाघाटावरचं त्यांचं मराठी घराणं. वडील आणि आजोबा दशाश्वमेधावर यात्रेकरूंची पूजा सांगत, हे मात्र शाळेत चित्रकला शिकवत. त्यांनी माझे चारही डबे सायकलला बांधले. शेजारचे पानवाले हसून म्हणाले, “मास्टरजी, लाना ही था तो कोई हिट फिल्म लाते!”

“हिट फिल्म को सँभालने के लिए दुनिया बैठी है,” बिंदुमाधव म्हणाले. “इसका कौन है?”

मित्रांनो, माझे खरे दिवस तेव्हा सुरू झाले. रविवारी दुपारी ते फीत चालवायचं यंत्र मांडत आणि खिडक्यांवर सतरंज्या टांगून खोली अंधारी करत. गल्लीतली मुलं मांडीला मांडी लावून बसत. यंत्राची घरघर सुरू झाली की सगळी चूप. हत्ती नाचला की हशा व्हायचा, वाळूची नदी आली की कुणीतरी हळूच “अरे बाप रे” म्हणायचं. चौथी गोष्ट संपल्यावर मात्र कुणी लगेच उठत नसे. यंत्र थांबायचं, सतरंज्या निघायच्या, तरी मुलं बसून राहायची.

पुढे टीव्ही आला. यंत्राचा पट्टा तुटला, तसला पट्टा मिळेना. बिंदुमाधवांनी मला घाटाच्या बाजूच्या खालच्या कोठडीत, लाकडी फळीवर ठेवलं. वर्षातून एकदा ते येत, डबे उघडत, हवा लागू देत आणि परत ठेवत. ते वारले, आणि ती हवाही बंद झाली. माझ्या अंगाला आंबट वास येऊ लागला. म्हातारपणी आमच्या जातीला असा वास येतो. मग फीत आकसते, ठिसूळ होते आणि एक दिवस संपते.

पण मी त्या वासाने संपणार नव्हतो. या भाद्रपदात गंगा चढली.

बनारसला पूर नवा नाही. घाटाच्या पायऱ्या दरवर्षी बुडतात, लोक वरच्या मजल्यावर जातात, पाणी उतरलं की गाळ उपसतात. यंदा मात्र पाणी थांबायला तयार नव्हतं. तीन दिवस ते एकेक पायरी घेत होतं. चौथ्या दिवशी सकाळी कोठडीच्या दाराखालून पहिली ओल आत आली. मला ती दिसली नाही, पण फळीच्या पायाशी पाण्याची चाटचाट ऐकू येत होती.

वर घरात बिंदुमाधवांची मुलगी इरावती होती. मुलींच्या शाळेत शिकवून नुकतीच निवृत्त झालेली, घरात एकटी. तिचा धाकटा भाऊ प्रल्हाद बँकेत अधिकारी, राहायला बनारसच्याच सिगरा भागात. तो तिला न्यायला आला होता. जिन्यातून दोघांचं बोलणं माझ्यापर्यंत येत होतं.

“ताई, बस झालं. देव घेतले, कागद घेतले, तुझी औषधं घेतली. आता चल. वीजसुद्धा बंद केलीय त्यांनी.”

“बाबांचे डबे खाली आहेत.”

“त्या डब्यांसाठी पाण्यात जाणार तू? कोणी नावसुद्धा ऐकलं नाही असला सिनेमा. मोबाइलवर हजार कार्टून पडलेत.”

“हे नाहीये त्यांत. मी शोधलंय. कुठे नावपण सापडत नाही.”

“बघ! म्हणजे कोणाला त्याची जरूरतच नाही.”

“किंवा दुसरं कुठे उरलंच नाही, प्रल्हाद.”

मग जिन्यावर पावलं वाजली आणि पाण्यात कुणीतरी उतरल्याचा आवाज आला.

इरावती आली तेव्हा पाणी तिच्या गुडघ्यांच्या वर होतं. एका हातात टॉर्च, दुसऱ्या हाताने भिंत धरलेली. ती फळीपाशी पोहोचली, तिने पहिल्या डब्याला हात घातला आणि त्याच क्षणी घाटाकडचं दार कडकन उघडलं. बाहेरची गंगा एकदम आत आली. फळी उपटली गेली. माझे चारही डबे पाण्यात पडले.

“प्रल्हाद!” ती ओरडली.

तो जिन्यावरून पँट-बुटांसकट खाली उतरला. आधी त्याने बहिणीला दंडाला धरून पायरीवर खेचलं. “वेडी आहेस का तू? वर जा, वर जा म्हणतो ना!”

“डबे, प्रल्हाद! बाबांचे डबे!”

त्याने मागे वळून पाहिलं. पाणी त्याच्या छातीशी आलं होतं. मला वाटलं, आता हा वर जाणार. तसं केलं असतं तरी मी त्याला दोष दिला नसता. पण त्याने एक श्वास घेतला आणि खाली बुडी मारली. एक डबा वर आला. दुसऱ्या बुडीत दुसरा. तिसरा दाराच्या चौकटीत अडकला होता, तोही त्याने ओढून काढला. चौथ्यासाठी त्याला पाच बुड्या माराव्या लागल्या. त्या डब्याचं झाकण उडालं होतं आणि फितीत गाळ शिरला होता. ते चाक छातीशी धरून तो जिना चढला तेव्हा त्याचे ओठ निळे पडले होते. ज्याला मी नकोसा होतो, त्याने मला वाचवलं.

आता, मित्रांनो, पुढचं सांगताना मला जड जातं.

इरावतीने पुण्याच्या एका संस्थेचा नंबर मिळवला होता. तिथे जुन्या फिती दुरुस्त करतात. खोलीत आवाज तुटत होता, म्हणून ती फोन घेऊन गॅलरीत गेली. प्रल्हाद गच्चीवर माझ्यापाशी बसला. ऊन पडलं होतं. त्याला काहीतरी करायचं होतं. बहिणीशी वाद घातल्याचं त्याला वाईट वाटत असावं. त्याने एक तौलिया आणला आणि सगळ्यांत मळलेला चौथा भाग उलगडून, हात-दोन हात फीत घेऊन, गाळ पुसायला सुरुवात केली.

गाळ निघत होता. तौलिया काळा होत होता. खालून फीत काचेसारखी स्वच्छ निघत होती. ते पाहून त्याला बरं वाटलं असणार, कारण तो आणखी जोराने, आणखी नेटाने पुसू लागला. मला ओरडावंसं वाटत होतं. भिजलेल्या फितीवरचं चित्र सायीसारखं मऊ होतं. तो गाळाबरोबर चित्रच पुसत होता. विद्युल्लताबाईंचा कोळसा त्या तौलियात जात होता, आणि मला तोंड नव्हतं.

अर्ध्या तासाने इरावती धावत वर आली. फोन कानालाच होता. “प्रल्हाद, हात लावू नको! त्या बाई म्हणतायत, वाळवायचं नाही, पुसायचं नाही, ओलंच ठेवायचं.”

प्रल्हादने हातातली फीत उन्हाकडे धरली. तिच्यातून पलीकडचं आकाश दिसत होतं. त्याने मागची फीत पाहिली, त्याच्या मागची पाहिली. सगळीकडे आकाशच.

“ताई,” तो म्हणाला, “मी साफ करत होतो.”

इरावतीने फोन खाली ठेवला. ती त्याच्यावर रागावली नाही. त्याच्याजवळ बसली आणि तिने त्याच्या हातातून तौलिया काढून घेतला.

फोनवरच्या बाईंचं नाव सुमेधा. त्यांनी सांगितलेलं स्पष्ट होतं. उरलेले तीन भाग स्वच्छ, गार पाण्यात बुडवून ठेवा आणि दोन दिवसांत आमच्याकडे पोहोचवा. मधे वाळले तर थर एकमेकांना चिकटतील, मग ते कुणालाही सोडवता येणार नाहीत. प्रल्हादने गल्लीतल्या दूधवाल्याकडून रुंद तोंडाचे दोन मोठे कॅन आणले, पिण्याच्या पाण्याने भरले आणि त्यांत मला ठेवलं. बहिणीला तो म्हणाला, “मीपण येतो. आणि कॅन मी धरणार.”

पुण्याच्या गाडीत जागा मिळाली नव्हती. दोघं दाराजवळ कॅन मधे घेऊन बसले. एका सहप्रवाशाने हात जोडून विचारलं, “गंगाजल है?”

“नहीं,” प्रल्हाद म्हणाला. “सिनेमा है.”

जबलपूरच्या आधी गाडी थांबली ती तीन तास हललीच नाही. डब्यात उकाडा, कॅन तापलेले. प्रल्हाद दर थोड्या वेळाने पाण्यात बोट घालून बघे. इटारसीला त्याने धावत जाऊन बर्फ आणला, तो पिशवीत बांधून कॅनभोवती ठेवला. भुसावळला पाणी बदललं. पाणी ओतताना त्याने माझ्याकडे असं पाहिलं, जसं आजारी माणसाकडे बघतात. पाणी किंचित करडं झालं होतं. म्हणजे माझी चित्रं सुटू लागली होती. त्याने ते ताईला सांगितलं नाही. नवं पाणी भरलं आणि झाकण लावलं.

पुण्याला पोहोचलो तेव्हा दोन दिवस पुरे व्हायला चार तास राहिले होते. सुमेधाबाईंनी हातमोजे घालून मला बाहेर काढलं. नंतर कित्येक दिवस मला धुतलं गेलं, मंद हवेत वाळवलं गेलं, एकेक चित्र यंत्राने टिपून घेतलं गेलं. दोघं भाऊ-बहीण पुण्यातच थांबले. शेवटी सुमेधाबाईंनी त्यांना बोलावलं.

“तीन गोष्टी वाचल्या. काठ थोडे गेलेत, पण वाचल्या.”

“आणि चौथी?” प्रल्हादने विचारलं. उत्तर त्याला ठाऊक होतं.

“मी देशातल्या सगळ्या ओळखीच्या संग्राहकांना विचारलं. दुसरी प्रत कुणाकडे नाही.” त्यांनी वाचलेली तीन चाकं समोर ठेवली. “लोक गाजलेले सिनेमे जमवतात. त्यांच्या शंभर-शंभर प्रती असतात, त्यातल्या दहा गेल्या तरी चालतं. असल्या अनोळखी सिनेमाची कुठेतरी एकच प्रत असते. तुमच्या वडिलांनी ती उचलली, म्हणून या तीन गोष्टी आज जगात आहेत.”

कार्तिकात, पाणी उतरून घाट पुन्हा दिसू लागल्यावर, इरावतीने आपल्या जुन्या शाळेत मला दाखवलं. आता मी फितीवरून नाही, संगणकातून पडद्यावर आलो. मुली हत्तीला हसल्या. वाळूच्या नदीला गप्प झाल्या. मग पडदा पांढरा झाला.

“और चौथी?” एक मुलगी म्हणाली. “नाम तो चार हाथ है.”

प्रल्हाद मागे उभा होता. तो पुढे आला आणि मुलींसमोर फरशीवरच बसला. हिंदीतच बोलला, पण मी तुम्हाला मराठीत सांगतो.

“चौथी गोष्ट माझ्यामुळे गेली. मी लहानपणी ती पाहिलीय. मला आठवते तेवढी सांगतो. एक मुलगी असते. तिची शेळी डोंगरापलीकडे जाते. मुलगी तिला शोधायला निघते. डोंगरावर धुकं उतरतं, सगळं करडं होतं, मुलगी त्यात दिसेनाशी होते. बराच वेळ ती धुक्यातच असते. मग ती शेळीला घेऊन घरी येते. आई दोरी आणते, पण मुलगी शेळीला बांधू देत नाही. त्यानंतर ती कधीच बांधू देत नाही. संपलं.”

“धुक्यात काय झालं?” मुलीने विचारलं.

प्रल्हादने डोळे मिटले.

“मला आठवत नाही,” तो म्हणाला. “ताई, तुला?”

इरावतीने नकारार्थी मान हलवली.

“मग कोणाला माहीत आहे?”

“कोणालाच नाही, बेटा,” प्रल्हाद म्हणाला.

मित्रांनो, तुमच्या घरात, शाळेच्या कपाटात, कुठल्याशा बंद दुकानात माझ्यासारखा एखादा डबा असेल. त्याचं नाव तुम्ही ऐकलेलं नसेल. तो जपण्यासारखा आहे का, हे ठरवताना ‘हा किती गाजला?’ असं विचारू नका. ‘हा आणखी कुठे आहे का?’ असं विचारा. त्याला कोरड्या, गार जागी ठेवा, अधूनमधून हवा द्या. आणि तो संकटात सापडला तर हात लावण्याआधी जाणत्या माणसाला विचारा, कारण नुसत्या प्रेमाने पुसलं तरी चित्र जातं.

मी ती चौथी गोष्ट बनारसच्या मुलांना वर्षानुवर्षं दाखवली. पण ती माझ्या फितीवर होती तोवरच मला येत होती. त्या मुलीला धुक्यात काय भेटलं, ते आता मलाही ठाऊक नाही.