पेटीबाहेर भटकणारा न्यूट्रॉन

लहान पेटी

आजही उत्तर अधिक.

उत्तर उणे आलं, तर शेवटचा न्यूट्रॉन अणुकेंद्राला बांधलेला. अधिक आलं, तर तो सुटून जाणार. महिनाभर मावशी त्या एका चिन्हामागे हात धुऊन लागली होती. आईवेगळ्या भाचीला याच टेबलाशी बसवून ती गणितं करायची. तेव्हापासून अख्ख्या संशोधन संस्थेची ती मावशीच.

भाची आता दूरच्या शहरात. फोन लागला.

"जेवलीस?"

"मावशी, सकाळीही हेच विचारलंस."

"मग दुसरं काय विचारू?"

"थोडे दिवस काहीच नको ना. जीव गुदमरतो गं."

फोन कट झाला. मावशी तो कानाला धरूनच बसली.

भिंत

शेजारच्या टेबलावरचा सहकारी चहा घेऊन डोकावला.

"पेटी केवढी घेतलीत, मावशी?"

गणितासाठी केंद्राभोवती एक काल्पनिक पेटी घ्यावी लागते. पेटीबाहेर न्यूट्रॉनला मज्जाव.

"नेहमीचीच."

"अहो, ती धडधाकट केंद्रांची! हा न्यूट्रॉन जन्माचा भटक्या. पाय पसरायला जागा नाही दिलीत, मग उसळून उत्तर अधिकच येईल, नाही तर काय?"

मावशीनं कपाळावर हात मारला. उभा जन्म यात गेला, आणि चूक केली नवशिक्याची.

मोठी पेटी

संगणक कुथत कुथत चालला.

नंबर काढला. पण भाचीला फोन लावला नाही.

पेटी आणखी वाढवली.

नंबर काढला. फोन ड्रॉवरमध्ये टाकला. ड्रॉवर उघडून पाहिला. वाजला नव्हता.

आणखी मोठी

उणे.

शून्य, टिंब, शून्य, मग कुठे आकडा. पेटी अजून वाढवली, तरी तो हलेना. न्यूट्रॉन जेमतेम, पण धरलेला. बहुतेक वेळ लांबच राहणारा, तरी याच केंद्राचा.

"पेढे कधी?" सहकारी ओरडला.

मावशीला हे एकाच माणसाला सांगायचं होतं. तिनं ड्रॉवरकडे पाहिलंही नाही.

पेटी नाही

रविवारी संध्याकाळी फोन वाजला.

"मावशी! जिवंत आहेस ना? आठवडा झाला, फोन नाही की काही नाही!"

"आहे गं."

"जेवलीस?"

मावशी हसली. 'कधी येतेस?' अगदी ओठांवर आलं होतं. तिनं ते गिळलं.

"थांब हं, भांडी घासता घासता बोलते," भाची म्हणाली. मग बोललीच नाही. नळाचं पाणी तेवढं ऐकू येत राहिलं.

मावशी ऐकत राहिली. फोन कुणीच ठेवला नाही.