आवाजाचा ट्रेनर

मित्रांनो, तुम्ही मला पाहिलंत तरी ओळखणार नाही. दोन लोखंडी पाय, एक रोलर, एक चुंबकाची चकती आणि सायकलचं मागचं चाक दोन्ही बाजूंनी आवळून धरणारे स्क्रू, एवढाच मी. माझं नाव ट्रेनर. सायकल माझ्यावर चढवली की चाक रोलरवर फिरतं आणि माणसाने कितीही पायडल मारलं तरी तो जागचा हलत नाही. लातुरात मात्र ट्रेनर कुठे मिळेल विचारलं, की लोक क्लासच्या एखाद्या सरांचा पत्ता सांगतात. म्हणून घरात मला सगळे स्टँडच म्हणतात. मला ते आवडत नाही, पण लोखंडाच्या आवडीनिवडी कोण विचारतो!

कारखान्यातलं मला फारसं आठवत नाही. आठवतं ते नांदेडचं दुकान. तिथे माझ्या शेजारी तेलाचा ट्रेनर उभा असायचा. त्याच्या पोटात तेल, म्हणून आवाज कमी. मी चुंबकाचा. मी हलका, मिटवला की पलंगाखाली जाणारा, पण आवाज दांडगा. एक दिवस दामिनी दुकानात आली. ती नांदेडच्या कॉलेजात शिकवायची. लातूरला तिच्या वडिलांच्या, मलप्पांच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं होतं. रोज घरात सायकल चालवली नाही तर नवा गुडघा आखडून बसेल, असं डॉक्टरांनी बजावलं होतं.

दुकानदार भीमाशंकर चांगला माणूस. त्याने चाकाचं माप विचारलं, वडिलांचं वजन विचारलं आणि शेवटी विचारलं, "घरात अभ्यासाची पोरं हायती का? असली तर ह्यो आवाजाचा नेऊ नका."

आमच्या भागात आवाज असाच मोजतात. ज्या घरात बारावीचं पोर, त्या घरात टीव्हीवर चादर पडते आणि पाहुणेसुद्धा कुजबुजत जेवतात. दामिनी म्हणाली, अभ्यासाचं कुणी नाही, आईअप्पा दोघंच असतात. झालं, माझी निवड पक्की झाली. तेलवाल्याकडे मी ऐटीत बघितलं. आज त्या ऐटीची लाज वाटते.

मलप्पांचं लातुरात भुसार मालाचं दुकान होतं. त्यांच्या गल्लीत घराघरावर मजले चढले होते आणि मजल्यामजल्यावर क्लासची मुलं राहत होती. एकट्या मलप्पांच्या घरावर नुसती गच्ची होती. चालून आलेली लक्ष्मी परत पाठवतो, असं लोक त्यांना चिडवायचे. पण त्यांची बायको गंगम्मा ऐकायची नाही. दुसऱ्याची लेकरं मी सलॅबखाली झोपवणार नाही, एवढंच ती म्हणायची. ती स्वतःही घरात झोपत नसे. अंगणात पत्र्याची एक खोली होती, भूकंपानंतर बांधलेली. उन्हाळा असो की थंडी, रात्री तिचं अंथरूण तिथेच. मुलीलाही ते इतकं सवयीचं झालं होतं, की त्यामागे काही असेल हे तिच्या मनातही येत नसे.

दामिनीने मला मधल्या खोलीत मांडलं. तिची शाळेतली, दांडी नसलेली सायकल पुसून माझ्यावर चढवली. पुढचं चाक खाली राहत होतं, म्हणून त्याखाली शेजारच्या भाडेकरू मुलांनी टाकून दिलेले दोन जाडजूड प्रश्नसंच सारले. मग ती नांदेडला परत गेली.

दुसऱ्या दिवशी सकाळी मलप्पांनी पूजा आटोपली, कपाळी विभूती लावली आणि जपून सायकलवर बसले. भिंतीपलीकडे स्वयंपाकघरात गंगम्मा चहा ठेवत होती. पहिला फेरा त्यांनी दात आवळून मारला, दुसरा जरा बरा गेला. मग पाय सुटला आणि मीही गळा मोकळा केला. आपण किती कामाचे आहोत हे मला दाखवायचं होतं. त्या भिंतीला पलीकडून भांड्यांची मांडणी ठोकलेली होती, हे मला ठाऊक नव्हतं. आधी झाकण्या वाजल्या, मग पेले, मग तांबे.

दुधाचं पातेलं पडल्याचा आवाज आला आणि गंगम्मा धावत आत आली. तिने मलप्पांना दंडाला धरून सायकलवरून ओढलं आणि तसंच अंगणात नेलं. तिथे उभी राहून ती दोन नावं घेऊन हाका मारू लागली. बसू, पारू. मलप्पा सांगत होते की यंत्र आहे, सायकलचा स्टँड आहे. तिच्या कानात ते शिरायला बराच वेळ लागला.

दार उघडं होतं, म्हणून पुढचं मला ऐकू आलं. बसू आणि पारू तिच्या भावाची लेकरं. त्र्याण्णव साली ती गणपतीला माहेरी गेली होती, किल्लारीच्या बाजूला. गणपती बोळवून सगळे दगडी घरात झोपले. तान्ही दामिनी किरकिर करत होती, म्हणून गंगम्मा तिला घेऊन अंगणात निजली. पहाटे भांडी वाजली. तिने ती ऐकली. मांजर असेल असं वाटून तिने कूस बदलली, आणि भूकंपाने ते घर आतल्या सगळ्यांवर कोसळलं. भांडी ऐकली होती, एवढी गोष्ट तिने कुणाला सांगितली नव्हती. इतक्या वर्षांच्या संसारात मलप्पांनाही ती त्या सकाळी कळली.

मलप्पांनी मला मिटवून पोत्यांच्या खोलीत ठेवलं. मुलीचा फोन आला की रोज चालवतो म्हणून सांगायचे. खरं सांगितलं असतं, तर बायकोची गोष्टही सांगावी लागली असती.

मित्रांनो, मग आठ महिने मी अंधारात होतो. उंदीर सोडले तर विचारपूस करणारं कुणी नव्हतं. बाहेर मलप्पांची काठी वाजायची आणि ती दिवसेंदिवस सावकाश होत गेली. मला फार एकटं वाटायचं. त्याहून वाईट वाटायचं ते हे, की तो गुडघा माझ्यामुळेच आखडत चालला होता आणि त्यावरचं औषधही मीच होतो.

एका दुपारी गंगम्मा खोलीत आली. आदल्या दिवशी ती डॉक्टरांकडे सोबत गेली होती, आणि गुडघा आता हलला नाही तर कायमचा असाच राहील, असं त्यांनी सांगितलं होतं. ती माझ्यापुढे खाली बसली. एका बोटाने तिने माझा रोलर फिरवला आणि लगेच हात मागे घेतला. दुसऱ्या दिवशी परत आली, मग रोजच येऊ लागली. मलप्पा दुकानात गेले की ती यायची, रोलर फिरवायची आणि बसून राहायची. पुढे पुढे तिने एक ताट आणि चार पेले आणून माझ्या पायावर टेकवले, मी फिरलो की वाजावेत म्हणून. महिनाभर आमच्या दोघांचं हे चाललं होतं. माझ्या आयुष्यात माझ्याशी इतका वेळ कुणीच बसलं नव्हतं.

मग तिने मलप्पांना सायकल मांडायला सांगितली. ते म्हणाले, नको, तुला त्रास होतो.

"व्हतो. तुमचं पाऊल उचलंना झालंय, त्याचा बी व्हतो," ती म्हणाली. "चालवा. म्या हितंच बसते."

आणि ती त्याच भिंतीला पाठ लावून, सलॅबखाली बसली.

पायडल अर्ध्यावर जाऊन अडायचं. मलप्पा ते मागे आणायचे, पुन्हा पुढे रेटायचे. घामाने त्यांची विभूती ओघळायची. बारा दिवस नुसता अर्धा फेरा चालला. तेराव्या दिवशी गुडघा कचकन वळला आणि पायडल पार वरून फिरून खाली आलं. मग दुसरा फेरा, मग तिसरा. पलीकडे पेले वाजू लागले. मलप्पा घाबरून थांबले.

गंगम्माचे डोळे मिटलेले होते. तिने माझ्या पायावर घट्ट हात ठेवला होता.

"थांबू नका," ती म्हणाली. "तुमचाच आवाज हाय. मला कळायलंय."

गेलेले आठ महिने परत आले नाहीत. मलप्पांना आजही मांडी घालता येत नाही. सकाळची वीस मिनिटं सोडली तर मीही दिवसभर एकटाच उभा असतो. पण मित्रांनो, मला पुसा, माझे स्क्रू आवळा, असं मी म्हणणार नाही. घरात एखादं यंत्र आणाल, तेव्हा त्याचा आवाज ज्यांच्या कानावर पडणार आहे त्यांना आधी विचारा. ते म्हणतील, माझं काही नाही, आणा. तेवढ्यावर उठू नका. जरा वेळ शेजारी बसा, आणि पुन्हा विचारा.