चांगुणाचं कडं आणि माझा टवका

मित्रांनो, मी एक जुनी ओपणी आहे. लाकडी मूठ आणि तिच्या टोकाला अकीकाचा गुळगुळीत खडा, एवढाच माझा जीव. तिसगावच्या बन्सी सोनारांच्या दुकानात दागिन्याला शेवटचा हात माझा लागे. मला दाबून घासलं की चांदी लखलखे. लोक कौतुक करत, पण मला कायम धाकधूक असे. चकाकी आणणारी मी, आणि चकाकीखाली काय दडलंय हे आधी कळे तेही मलाच. सांगणार कशी? मला तर तोंडच नाही!

एकाहत्तर सालचा दसरा नुकताच झाला होता. चांगुणा नावाची बाई आईचे जुने वाळे मोडून भरीव कडं करून घ्यायला आली. आई उन्हाळ्यात वारली होती. संध्याकाळी चांगुणाची टोळी ऊसतोडीला श्रीगोंद्याकडे निघणार होती आणि तिला आईची चांदी हातात घालूनच जायचं होतं.

आपली चांदी दुसऱ्याच्या चांदीत मिसळू नये म्हणून गिऱ्हाईक भट्टीसमोर बसून राही. चांगुणाही बसली. वाळे मुशीत वितळले. बन्सीकाका लोखंडी साचा उचलणार, तोच तिने त्याला ओलं हळदकुंकू लावलं.

"आईची चांदी हाय, भाऊ," ती म्हणाली.

एरवी काका असा साचा निखाऱ्यावर खडखडीत वाळवत आणि मगच ओतत. त्या दिवशी बाहेर ट्रकचा भोंगा वाजला आणि त्यांनी घाईत तशीच चांदी ओतली. चर्र झालं. मी फळीवर पडल्या पडल्या धसकले. साचा ओला असला की वाफ कोंडते आणि चांदीत पोकळी राहते.

साच्यातून निघालेली चांदीची कांब ऐरणीवर ठोकली, वाकवली, कानशीने घासली, चिंचेच्या पाण्यात उकळली. मग काकांच्या पत्नी मालनबाई मला रिठ्याच्या फेसात बुडवून कडं घासायला बसल्या. एका जागी मी किंचित आत दबले.

हलक्या हाताने चारदा फिरवलं असतं तर ती जागा झाकली गेली असती, आणि झाकणारी मीच! उसाच्या फडात कडं तिथेच मोडलं, पाचटात पडलं, तर त्या पोरीला आईची आठवण पुन्हा कुठे सापडणार? दाबा ना मालनबाई, अजून दाबा, असं मी मनात ओरडत होते.

त्यांनी खरंच अंगठा रोवून दाबलं. पापुद्रा फुटला, आत काळं भोक दिसलं आणि त्याच्या काठावर माझ्या खड्याचा टवका उडाला.

"अवो, हितं पोकळ हाय."

इतक्यात चांगुणाचा नवरा कारभारी दारात आला. "चल की, मुकादम थांबायचा न्हाई!"

काकांनी कडं उजेडात धरून भोक पाहिलं. आता म्हणतील, घास आणि दे. माझा धीरच सुटला.

"चूक माझी हाय, चांगुणाबाई," ते म्हणाले. "साचा वाळवला न्हाई. थांबत असशीला तर पुन्हा ओततो. पर हे कडं मी तुमच्या हातात घालनार न्हाई."

चांगुणा नवऱ्याकडे वळली. "मुकादमाला म्हनावं, माझी आई अजून मुशीत हाय."

कारभारी पळत गेला. ट्रक थांबला. या खेपेला साचा चांगला तापवला आणि चांगुणाने हळदकुंकू लावलं ते मला, टवका उडालेल्या टोकाला. दिवस मावळता मावळता ती डाव्या हातात कडं घालून निघाली.

पुढचे सहा महिने मला चैन नव्हतं. पुन्हा पोकळी राहिली असेल तर? चैत्रात ती परत आली, तेव्हा कड्यावर कोयत्याचा खोल घाव होता.

"कोयता निसटला, वयनी. कड्यावर बसला म्हून मनगट ऱ्हायलं."

घाव घासून काढायला मालनबाईंनी मला उचललं. चांगुणाने हात मागे घेतला. "ऱ्हाऊ द्या. आईनं झेललाय."

आता दुकानात नवी ओपणी आहे आणि मी पत्र्याच्या डब्यात. मित्रांनो, मला फेकू नका, एवढंच मागते. आणि काही चकचकीत करताना हाताखाली खड्डा लागला, तर दाबून बघा. आम्हाला ओरडता येत नाही हो.