नेऱ्याच्या मांडवातला माईक

रविवारी रात्री दहा वाजून पाच मिनिटांनी नेरे गावातल्या हळदीच्या मांडवातून पोलिसांनी मला ताब्यात घेतलं. मित्रांनो, मी एक जुना माईक आहे.

तरुणपणी लग्नं, क्रिकेटचे सामने, हरवलेल्या शेळीची दवंडी, सगळं मी गाजवलं. मग बिनवायरीचे माईक आले आणि मी खोक्यात पडलो.

सत्यवतीबाईंनी मला बाहेर काढलं. त्या आगरी लग्नांत धवले गाणाऱ्या धवलारीण. त्यांचा नवरा बळीराम जमिनीच्या आंदोलनात पुढे असायचा. साध्या कपड्यातल्या पोलिसांनी त्याला भरदुपारी गाडीत घालून नेलं. चौकीत उत्तर मिळालं, "असा कोणी आणलाच नाही." तक्रारही घेतली नाही. तेव्हापासून प्रत्येक हळदीत गावातल्या बायका मला हातात धरून, त्या दुपारी डोळ्यांनी पाहिलेलं सांगतात.

रविवारची हळद सत्यवतीबाईंच्याच लेकीची, मनस्वीची. धवल्यात आधी पितरांना आमंत्रण, मग हयात पाहुण्यांना. दीर रामू हळूच म्हणाला, "वयनी, दादाचा नाव आता पितरांत घे."

"तू बघलास त्याला मेलेला?"

"नाय."

"मंग गप बस. तो पावन्यांत येल. उशिरा येल, त्याची सवयच हाय."

मांडव हसला. बळीरामचं नाव जिवंतांत गायलं गेलं. मग शेजारीण गुणाबाईंनी मला घेतलं. "सफेद गाडी आली. मी सुकट वाळत घालीत होते. बळीरामच्या अंगात निळा शर्ट."

"चॉकलेटी गो!" मागून दुसरी शेजारीण, भामा ओरडली.

"निळाच!" सत्यवतीबाई म्हणाल्या. "मीच धुतलेला."

या वादात दहा वाजून गेले. शेजारच्या फार्महाऊसवाल्याने स्वतःचा डीजे चालू ठेवून आमच्या आवाजाची तक्रार केली. ती लगेच नोंदली गेली आणि पाच मिनिटांत पोलीस मांडवात हजर.

हवालदार पंचनाम्याला बसले. "माईकवर काय चाललं होतं?"

"लिवा सायेब!" म्हणत बायकांनी सगळं पुन्हा सांगितलं.

माणूस काटेकोर. गाडी, दुपार, सुकट, सगळं लिहिलं. शर्टाशी अडले, शेवटी लिहिलं, "निळा. एकीचा मतभेद." खाली बायकांनी सह्या केल्या. चौकीच्या कागदावर बळीरामचं नाव पहिल्यांदाच आलं.

सध्या मी जप्त मालाच्या खोलीत, झुंजीच्या कोंबड्यांच्या रिकाम्या पिंजऱ्यावर आहे. मित्रांनो, जुन्या माईकला धूळ खात ठेवू नका. आणि हातात आलाच, तर पाहिलेलं सांगा. शर्टावर भांडलात तरी चालेल.

पंचनाम्याची प्रत मागायला सत्यवतीबाई रोज येतात. आज त्यांना "उद्या या" असं सांगण्यात आलं. मनस्वीच्या लग्नात बळीरामचं ताट झाकून ठेवलं होतं, असं त्या बाहेरच्या बाकावर गुणाबाईंना सांगत होत्या.

पाहुणा अजून पोहोचलेला नाही.