पांढऱ्या बुटांचं माप

ऋतुजाला पहाटे पहाटे नेहमी तेच स्वप्न पडायचं. स्केटिंगच्या मैदानाला भिंती नसायच्या, कठडा नसायचा, नुसती गुळगुळीत फरशी दूरवर धुक्यात गेलेली असायची. त्या फरशीवर रंगवलेलं एक मोठं वर्तुळ, आणि वर्तुळाच्या रेघेवरून एका पायावर तोल सांभाळत ती चाललेली. चाकांचा आवाज नाही, दम लागत नाही, वर्तुळ काही संपत नाही. पायात काय घातलंय हे त्या स्वप्नात कधी कळायचंच नाही, आणि सगळं सुख नेमकं तेवढ्यातच होतं. पायात काहीतरी आहे असं जाणवलं की जाग यायची.

गेले सहा महिने पायात काहीतरी आहे असं तिला जागेपणी सारखं जाणवत होतं.

पुण्यात स्केटिंग म्हटलं की लोकांना हेल्मेट घालून सुसाट सुटलेली पोरं आठवतात. ऋतुजाचा खेळ त्यातला नव्हे. तिचं चाकांवरचं फिगर स्केटिंग. त्यात उड्या आहेत, गिरक्या आहेत, पण तिचा जीव अडकलेला होता तो वर्तुळांत. फरशीवर एकमेकांना चिकटलेली दोन वर्तुळं रंगवलेली असतात, इंग्रजी आठासारखी. त्या रेघेवरून एका पायावर जायचं, रेघ सोडायची नाही. परीक्षक हात मागे बांधून बाजूने चालतात आणि बोटभर चूकसुद्धा बघून ठेवतात. बघणाऱ्याला यात काय मजा, असं वाटतं. ऋतुजाला मात्र जगात याहून सुंदर काही नाही असं वाटायचं, आणि हे ती कुणाला सांगायला जायची नाही, कारण सांगितलं की लोक म्हणत, "हो का? आणि नोकरी कशी चाललीये?"

राज्याच्या संघात तिची निवड दोनदा थोडक्यात हुकली होती. आता सव्विसावं चालू होतं. जानेवारीतल्या तिसऱ्या रविवारी निवड चाचणी होती, आणि या वेळी जमलं नाही तर बूट कायमचे काढून ठेवायचे, असं तिने मनाशी ठरवून टाकलं होतं. ठरवताना रडू आलं नव्हतं, म्हणजे ते खरंच ठरलं होतं.

आणि नेमके याच वर्षी बूट वैरी झाले. पांढऱ्या कातड्याचे, घोट्याच्या वर येणारे, सात वर्षं पायाशी एकजीव झालेले बूट. मे महिन्यात लग्न झालं, बिबवेवाडीच्या सासरी रुळण्यात महिना गेला, आणि पुन्हा मैदानावर उभी राहिली तर पाय बुटात मावेना. मावायचा म्हणजे मावायचा, पण पुढे कळ यायची, दोन वर्तुळं झाली की बोटं बधिर व्हायची, आणि वळणावर पाय आपोआप अंग चोरायचा. अंग चोरलं की रेघ सुटायची. मैदानावरच्या मैत्रिणींनी निदान करून टाकलं, "सासरी तूप जास्त होतंय." ऋतुजाही हसली. लग्नानंतर पाय पसरतात असं कुणीतरी सांगितलं, तेही तिला पटलं. माणूस स्वतःला दोष द्यायला तयारच असतो.

तिने नवऱ्याबरोबर, इंद्रजीतबरोबर, बूट कसबा पेठेत बुटांचं काम करणाऱ्या बापूरावांकडे पाठवले. कामावर जाता जाता तो देऊन आला. बापूरावांनी कातडं ओलं करून, कलबुतावर चढवून, म्हणजे त्या पायाच्या आकाराच्या लाकडी ठोकळ्यावर ताणून, पुढून सैल करून दिलं. फरक पडला नाही. पुन्हा पाठवले, पुन्हा सैल झाले. आता पुढे कळ होतीच, शिवाय टाच आत हलायला लागली. तिसऱ्यांदा पाठवले तेव्हा इंद्रजीत बूट तसेच घेऊन परत आला.

"घेतले नाहीत त्यांनी," तो म्हणाला. "म्हणाले, दोनदा बूट येऊन गेला. आता पायाला पाठवा."

शनिवारी पाय गेला. कसब्यातल्या त्या गल्लीत दुकान असं आहे की दोन गिऱ्हाईकं आली तर एकाला बाहेर उभं राहावं लागतं. बापूराव सत्तरीचे. ऋतुजा अठरा वर्षांची असताना तिचे बूट त्यांनीच पायाला बसवून दिले होते. तेव्हा ते तिला अगं-तुगं करायचे, आता तिच्या गळ्यातलं मंगळसूत्र बघून एकदम अहो-जाहोवर आले.

"बसा. तक्रार काय ती पायाने सांगू दे, तुम्ही बोलू नका."

त्यांनी खाकी कागद अंथरला, तिला मोजे काढून त्यावर उभं केलं आणि पायाभोवती पेन्सिल फिरवली. मग मागच्या फळीवरून कागदांचं एक बाड काढलं, सावकाश चाळलं, आणि त्यातून एक कागद ओढला. तिचाच पाय, सात वर्षांपूर्वीचा. दोन्ही कागद एकावर एक धरून त्यांनी दाराशी उजेडात नेले. ऋतुजा अनवाणी मागे गेली. उन्हात दोन्ही पाय एक झाले होते. टाच तीच, कड तीच, अंगठा तोच. आपण तर तेवढ्याच आहोत, हे बघून तिला उगाचच भरून आलं.

"पाय कुठे पसरलाय?" बापूराव म्हणाले. "केसभरही नाही. मी उगाच चांगल्या बुटाची वाट लावली." मग ते खाली वाकले आणि पेन्सिलीच्या टोकाने तिच्या दुसऱ्या बोटाला टेकले. "हे कधीपासून आत नेताय?"

ती जोडवी होती. ठसठशीत, तीन वेढ्यांची, चांगली जाडजूड.

ऋतुजाला खरंच कधी सुचलं नव्हतं. गिरक्या घेताना ती कानातलं काढायची, हातातल्या बांगड्या काढायची, मंगळसूत्र पिशवीत ठेवायची. जोडवी कुणी काढतं का? ती अंगावर असतात हेच विसरायला होतं, नखांसारखी. सहा महिने रोज सकाळी ती चांदीचे तीन वेढे कातड्यात कोंबत होती आणि दोष पायाला देत होती.

"बूट परत आवळून देतो. पाच दिवस लागतील," बापूराव म्हणाले. "पण आवळलेल्या बुटात हे दागदागिने घेऊन जाऊ नका. दोघांना राहायला तिथे जागा नाही."

सांगणं सोपं होतं. ती जोडवी साधी असती तर तिने दुकानाच्या पायरीवरच काढली असती. पण त्या चांदीची गोष्ट वेगळी होती. सासरे, गेनबा, चार वर्षांपूर्वी गेले. तेव्हा सासूबाईंच्या, तुळजाबाईंच्या, पायांतली जोडवी उतरवली गेली, आणि ती त्यांनी कुणाला दिली नाहीत, विकली नाहीत, कापडात बांधून डब्यात ठेवली. इंद्रजीतचं लग्न ठरल्यावर त्या स्वतः सराफाकडे गेल्या, समोर बसून ती आटवून घेतली आणि सुनेसाठी घडवून आणली. एवढी जाड का, असं सराफाने विचारलं, तर म्हणाल्या, "माझी जेवढी व्हती तेवढीच हायेत. कमी कशी करू?" लग्नात त्यांनी ती ऋतुजाच्या हाती दिली तेव्हा त्यांचं स्वतःचं पाऊल साडीच्या काठाखालून दिसत होतं, बोटं मोकळी. सवाष्णीने जोडवी काढली की नवऱ्याचं आयुष्य घटतं, असं घरोघर म्हणतात. ऋतुजाचा त्यावर विश्वास नव्हता. पण तुळजाबाईंच्या डोळ्यांसमोर त्यांचीच चांदी आपण उतरवून ठेवायची, या कल्पनेने तिला कसंतरी व्हायचं.

"काढ की," इंद्रजीत म्हणाला. "मला काही होत नाही. आईला कशाला सांगायचं?"

मग तिने तेच केलं, आणि ते तिला आवडलं नाही. बूट आले. सकाळी सहाला मैदानाच्या कोपऱ्यात बसून ती जोडवी काढायची, रुमालात बांधून पिशवीत ठेवायची आणि परत निघताना घालायची. मधला तास मात्र काय सांगावा. पाय बुटात उतरला की बूट नाहीसाच व्हायचा. जानेवारीचं धुकं फरशीवर गुडघाभर साचलेलं असायचं, रेघ जेमतेम दिसायची, आणि ती त्या रेघेवरून जायची, एका वर्तुळातून दुसऱ्यात, पुन्हा पहिल्यात. कधीकधी तिला वाटायचं आपण थांबलोय आणि मैदानच सावकाश आपल्याभोवती फिरतंय. पहाटेचं स्वप्न नि हे, यांतलं कुठलं संपलं आणि कुठलं सुरू झालं, हे तिला घरी येईपर्यंत सांगता आलं नसतं.

असं तरंगत तरंगत चाचणीच्या आदल्या दिवशी ती घरी आली, दारात चपला काढल्या, आणि तुळजाबाई भाजी निवडता निवडता तिच्या पायांकडे बघत राहिल्या. बोटं मोकळी होती. जोडवी पिशवीतच राहिली होती.

ऋतुजाने घाईघाईने ती पिशवीतून काढून घातली, काहीतरी पुटपुटली. तुळजाबाईंनी मेथीची जुडी संपवली, मग एवढंच म्हणाल्या, "उद्या कुठं असतंय ते? मी येनार हाय."

रविवारी त्या आल्या. ठेवणीतलं लुगडं नेसून, रिक्षात पिशवी मांडीवर घेऊन. येरवड्याच्या बाजूच्या त्या मोठ्या मैदानावर पोरी, आया, मास्तर यांची झुंबड होती. त्यांनी कठड्याजवळचं बाकडं धरलं आणि सुनेला शेजारी बसवलं. ऋतुजाचा नंबर चौथा होता. तिने पिशवीतून बूट काढले, मोजे काढले आणि हात तिथेच थांबले. सासू बघत होती. तिने मोजा तसाच जोडव्यांवरून ओढला. मग पाय बुटात घातला, जोर लावला, आणि दुसऱ्या बोटातून अशी कळ गेली की डोळ्यांपुढे अंधारी आली. या पायाने दोन वर्तुळंसुद्धा व्हायची नाहीत, हे तिला कळत होतं. तरी ती नाडी आवळत राहिली. हरायचं तर हरू, पण यांच्यासमोर जोडवी काढणं नको, असं काहीतरी तिच्या मनात चाललं होतं.

"रोज काढतीस न्हवं?" तुळजाबाई म्हणाल्या. "मग आज का न्हाई?"

ऋतुजा नाडीकडेच बघत म्हणाली, "आई, ती तुमची आहेत."

"माझी व्हती म्हनून मला ठावं हाय." त्या वाकल्या, आणि तिने पाय मागे घ्यायच्या आत त्यांनी नाडी सोडायला घेतली. "माझं म्हायेर मुळशीचं. लगीन झाल्यावर बारा वर्सं आखाडात भातलावनीला जायची मी. गुडघाभर चिखल. त्यात जोडवी घालून कोन उतरतंय? रुतून बसत्यात, बोट फाटतंय. समद्या बाया बांधावर काढायच्या, पदराला गाठ मारायच्या. सांजच्याला पाय धुवायचे नि घालायची."

त्यांनी बूट उतरवला, मोजा काढला. बोट लालबुंद झालं होतं. पिशवीतून त्यांनी खोबरेल तेलाची छोटी बाटली काढली, म्हणजे त्या घरूनच ठरवून आल्या होत्या, आणि तेल लावून एकेक वेढा अलगद फिरवत जोडवी उतरवली. आधी उजवं, मग डावं. दोन्ही त्यांनी आपल्या पदराच्या टोकाला ठेवली आणि घट्ट गाठ मारली.

"लोक म्हणतात, त्याने..." ऋतुजा म्हणाली.

"म्हनत्यात. मी बी म्हनायची." तुळजाबाईंनी तिची टाच तळहातावर धरली, रुमालाने बोटांचं तेल नीट पुसलं. "बारा वर्सं काढत व्हते, तवा ह्यांना ताप बी आला न्हाई. आनि गेले त्या दिवशी दोन्ही जोडवी माझ्या पायातच व्हती, बाई."

मैदानावर तिसऱ्या नंबरची मुलगी वर्तुळात होती. ऋतुजाने मोजा चढवला, बूट चढवला. पाय आत गेला आणि बूट नाहीसा झाला. कर्ण्यावरून तिचं नाव पुकारलं गेलं. ती उठली, पण समोरची फरशी, रेघ, परीक्षकांचे पांढरे सदरे, सगळं पाण्यात बुडालं होतं.

"आधी डोळे पूस," तुळजाबाई म्हणाल्या. "रेघ कशी दिसायची?"

ऋतुजाने बाहीने डोळे पुसले आणि कठडा सोडला.