खांदेमळणीचं तेल

"उलटं नको फिरवू. डब्याचं झाकण उघडतीस तसं फिरव."

"झाकण वर असतंय. हितं मी खाली पडलीय," गाडीखालून रत्नमालाबाईंचा आवाज आला.

रामकिसन प्लास्टिकच्या खुर्चीवर वाकून बसला होता आणि उजव्या हातातल्या बॅटरीचा उजेड गाडीखाली पाडत होता. डावा हात नेहमीसारखा मांडीवर पडून होता. पोत्यावर उताण्या पडलेल्या बायकोचे पाय आणि खोचलेलं लुगडं तेवढं त्याला दिसत होतं. पडेगावच्या त्या गल्लीतून जाणारा प्रत्येक माणूस हा देखावा बघायला क्षणभर थांबत होता आणि रामकिसनने डोळे वटारले की पुढे सरकत होता.

आज खांदेमळणी. उद्या पोळा. गावाकडे या दिवशी बैलांच्या खांद्यांना हळद-तूप चोळतात आणि त्यांच्या कानाशी वाकून म्हणतात, आज आवतण घ्या, उद्या जेवायला या. रामकिसनच्या वाटणीचे बैल कधीच भावाकडे, कडूबाकडे गेले होते. तो स्वतः गंगापूर ते लासूर स्टेशन काळीपिवळी जीप चालवायचा. मग त्याने जीपलाच बैल मानलं. खांदेमळणीला जीप घरी उभी करायची, तिचं तेल स्वतःच्या हाताने बदलायचं, बॉनेटला हळद-तूप चोळायचं आणि वाकून आवतण द्यायचं. रत्नमालाबाईंकडे काम एकच, वाटीत हळद-तूप कालवून आणून द्यायचं. पान्याला हात लावायची त्यांना मनाई होती. "जो चालवतो त्यानंच तेल बदलायचं," असा त्याचा कायदा होता.

मग गेल्या वर्षी अर्धांगाचा झटका आला. नेमकी डावी बाजू गेली. गिअरचा हात गेला आणि क्लचचा पायही गेला. जीप विकावी लागली. पोळ्याला दोघं गावाला गेले ते दुसऱ्याच्या जीपमध्ये, मागच्या फळीवर दाटीवाटीने बसून. तिथून आल्यापासून रामकिसन बोलायचा कमी झाला. रत्नमालाबाई रोज सकाळी त्याचा डावा खांदा कोमट तेलाने चोळत आणि तो भिंतीकडे तोंड करून बसे. हात लुळा पडल्याचं त्यांनी केव्हाच सोसलं होतं, पण ते भिंतीकडे बघणं त्यांना सोसवत नव्हतं.

मुलगी तनुजा वाळूजच्या कंपनीत नोकरीला. तिने आषाढात ही जुनी गाडी घेतली. "आबा, हिला क्लचच नाही. एकदा पुढं टाकली की आपोआप चालते. डॉक्टरबी हो म्हणालेत." रामकिसन रोज गाडी पुसायचा, पण आत बसला नाही. भीती वाटते असं म्हणणं त्याच्या जिवावर आलं असतं. त्याऐवजी त्याने खोड काढली, की गाडी झटका देते आणि गिअरबॉक्सचं तेल जळलंय. खोड मात्र खरी निघाली. गॅरेजवाला पोळ्यानंतर या म्हणाला. तेव्हा रामकिसन सहज बोलून गेला, "खांदेमळणीला घरीच बदलू की."

रत्नमालाबाईंनी हे वाक्य पदराला गाठ मारून ठेवलं. कायदा त्याचाच होता. तेल बदललं म्हणजे चालवणं आलं.

सकाळी तनुजाने गाडीची पुढची चाकं जीपच्या वेळच्या लाकडी उतारांवर चढवली, मागच्या चाकांना विटा लावल्या आणि ती कामावर गेली. जाताना आईला बजावून गेली, "आबांना खाली घुसू देऊ नको." घुसू न देणं कुणाला जमणार होतं? रामकिसन निम्मा आत गेला आणि अडकला. खांदा वळेना. शेवटी बायकोनेच पाय धरून त्याला बाहेर ओढलं. तो धुळीत बसून राहिला. मग म्हणाला, "पाना ठिव आत. नेऊ दे तिला गॅरेजला."

रत्नमालाबाईंनी पाना आत ठेवला नाही. पोतं अंथरलं.

आता बोल्ट हलत नव्हता. त्यांनी दोन्ही हातांनी पाना धरून अंगातलं सगळं बळ लावलं. उजव्या खांद्यात काहीतरी करकरलं, पण त्याच वेळी बोल्ट सुटला. कोमट तेल मनगटावरून घमेल्यात पडलं.

"कसं हाय?"

"काळं. करपलेल्या फोडणीचा वास यायलाय."

"म्हनलं नव्हतं का मी?" रामकिसन म्हणाला. बऱ्याच दिवसांनी त्याचा आवाज चढा लागला होता.

तेल निथळल्यावर त्यांनी बोल्ट परत आवळला. आता गाडी सपाटीला आणायची होती. त्यांनी विटा मागे सरकवल्या. रामकिसन स्टिअरिंगवर बसला, इंजिन बंद ठेवून ब्रेकवर हळूहळू गाडी खाली उतरवली आणि ताबडतोब बाहेर आला. पुढचं काम त्याचं. नळी, नरसाळं आणि कुंकवाच्या पाण्यासारखं लाल नवं तेल. थोडं ओतायचा, तेल मोजायची पट्टी काढून बघायचा, पुन्हा ओतायचा. पट्टीवरच्या खुणेपर्यंत तेल आलं तसा तो थांबला. डब्यात बरंच उरलं होतं.

"बसा की मग," रत्नमालाबाई म्हणाल्या.

तो बसला. इंजिन चालू केलं. उजवा हात आडवा नेऊन गिअरची दांडी पुढे टाकली आणि ब्रेक सोडला. इंजिन गुरगुरलं, पण गाडी जागची हलली नाही. ॲक्सिलेटर दाबला तर आवाज वाढला आणि गाडी हिसका देऊन हातभर पुढे गेली आणि परत थांबली. समोरच्या ओट्यावरचं कुणीतरी हसलं. रामकिसनने गाडी बंद केली.

"खराब केली पोरीची गाडी," तो म्हणाला. "मला नाय जमत आता काय."

तो समोरच्या भिंतीकडे बघत होता. रत्नमालाबाई गाडीच्या खिडकीपाशी आल्या. गाडीचं होईल ते होवो, पण माणूस पुन्हा त्या भिंतीपाशी गेला तर त्याला परत कोण आणणार?

"बंद गाडीचंच तेल मोजलं न तुमी?"

"मंग? जीपचं तसंच बघतेत."

"ही जीप हाय का? आपल्या हिरीचं काय व्हायचं? मोटार बंद असली की पाणी पायरीला लागायचं, अन् चालू केली की पायऱ्या उघड्या. आख्ख्या पाइपात पाणी चढायचं. हिनं बी तेल वढलं आसंल आत."

रामकिसनने पुन्हा गाडी चालू केली, दांडी सगळ्या खुणांवरून फिरवून जागेवर आणली आणि इंजिन चालू ठेवूनच खाली उतरला. पट्टी काढली. टोकाला जेमतेम ओल होती.

"वढलंय," तो म्हणाला.

डब्यातलं उरलेलं बरंचसं तेल आत गेलं, तेव्हा कुठे पट्टी भरली. या वेळी त्याने दांडी टाकली आणि गाडी हाकारल्याशिवाय निघाली. गल्लीच्या टोकापर्यंत गेली, तिथे दिसेनाशी झाली. परत येईपर्यंत रत्नमालाबाई फाटक धरून उभ्या होत्या. तो उतरला तेव्हा घामाने निथळत होता.

संध्याकाळी त्यांनी हळद-तुपाची वाटी आणून बॉनेटवर ठेवली आणि पायरीवर टेकल्या. उजवा खांदा ठणकत होता. तो दाबत त्या म्हणाल्या, "उरका लवकर. मला भाकरी टाकायच्यात."

रामकिसनने वाटीत बोट बुडवलं. ते बॉनेटला लावलं आणि वाटी घेऊन पाय ओढत पायरीशी आला. त्यांच्या मागे बसला, वाटी खाली ठेवली आणि तूप घेऊन त्यांचा खांदा चोळू लागला.

"अवं, बघतेत लोक. मी काय बैल हाय का?"

"बैल आसती तर इतकी बोलली नसती."

त्याची बोटं राठ होती. दुखरी जागा त्या बोटांना बरोबर सापडली. वर्षभर रोज दुसऱ्याचा खांदा चोळणाऱ्या रत्नमालाबाई मान खाली घालून बसल्या. गल्लीतली माणसं बघत होती, तर बघू देत.

मग तो वाकला आणि त्यांच्या कानाशी म्हणाला, "आज आवतन घ्या. उद्या जेवायला चला. कडूबाकडं. मी नेतो."

"म्होरं बसू न मी?" त्यांनी विचारलं.

"म्होरंच," रामकिसन म्हणाला आणि पुन्हा वाटीत बोटं बुडवली.