प्रेताची भूमिका

"रंगभूमीवर मृत्यूइतकं उदात्त काही नसतं," नाट्यशिक्षकांनी हात वर नेत सांगितलं, आणि त्यांच्या पायाशी चटईवर पडलेलं प्रेत शिंकलं.

चादरीखालून "सॉरी सर" असा आवाज आला. मेलेले होते आजोबा, पण आवाज नववीतल्या मुलीचा होता. चादर डोक्यावरून ओढली की प्रेत मुलाचं काय आणि मुलीचं काय, असा निवाडा शिक्षकांनी पहिल्याच दिवशी दिला होता. एरवी ते भूगोल शिकवत.

मुलीला न्यायला आलेले बाबा सभागृहाच्या दारात उभे होते. ते विमा कंपन्यांसाठी सर्व्हेअरचं काम करत. जळालेली गोदामं आणि चेपलेल्या गाड्या बघायच्या आणि हा अपघात की बनाव ते ठरवायचं. इतकी वर्षं हेच केल्यामुळे अपघात या गोष्टीवरचा त्यांचा विश्वासच उडाला होता.

नाटक साधं होतं. पडदा उघडतो तेव्हा आजोबा गेलेले असतात आणि पडदा पडेपर्यंत तसेच राहतात. मधल्या वेळात वारस त्यांच्याभोवती भांडतात आणि अधूनमधून अंगावर पडून रडतात. शाळेत नव्यानं आलेल्या मुलीला प्रेताची भूमिका द्यावी, असं वर्गानं एकमतानं ठरवलं होतं. त्या वर्गात एवढं एकमत पूर्वी कशावरही झालेलं नव्हतं.

बाबा बघत होते. नातवाचं काम करणारा लांबलचक मुलगा, ज्याला सगळे उंट म्हणत, प्रेतावर वाकला. त्यानं चादरीला तोंड लावलं. त्याचे ओठ हलले. चादर थरथरली. मग तो उठला आणि काहीच झालं नाही अशा थाटात भांडू लागला.

"तो लांबुडका काय सांगत होता तुला?" गाडीत बाबांनी विचारलं.

"कोण, उंट? रडत होता."

"त्याचे ओठ हलत होते."

"बाबा, रडताना ओठ हलतातच."

घरी तिनं बाह्या वर केल्या तेव्हा दंडावर लालसर खुणा होत्या. चार बोटं आणि एक अंगठा. बाबांनी चष्मा लावून त्या बघितल्या. तिनं बाह्या खाली ओढल्या.

"नाटकातलंच आहे. शोकात माणूस घट्ट धरतो."

"आणि शनिवारी नाटकानंतरची पार्टी म्हणे उंटाच्या गच्चीवर आहे."

"नटांची आहे."

"मग तू?"

"मी प्रेत," ती म्हणाली आणि ताटातलं नीट संपवायला लागली.

आधीच्या शाळेत तिच्याशी वर्षभर कुणी बोललं नव्हतं. तेव्हा बाबांनी फोटोंसकट बावीस पानी अहवाल तयार करून मुख्याध्यापकांच्या टेबलावर ठेवला होता. त्यानंतर शिक्षकांनीही तिच्याशी बोलणं बंद केलं. शेवटी शाळाच बदलावी लागली. या वेळी मध्ये पडणार नाही, असं त्यांनी बायकोला शब्द देऊन कबूल केलं होतं.

प्रयोगाच्या संध्याकाळी नाट्यशिक्षक पडद्याबाहेर आले. "आमच्या नाटकात प्रॉम्प्टर नाही," ते अभिमानानं म्हणाले. "विंगेतून वाक्यं पुरवायची पद्धत मी बंद केली आहे. मुलांना सगळं तोंडपाठ आहे!"

पडदा उघडला. उंट लगेच प्रेतावर कोसळला आणि सावरला. मग सून कोसळली. मग धाकटा मुलगा. मग पुन्हा सून.

"किती मनापासून रडतायत बघ," आई कुजबुजली.

एकेक जण वाकत होता, चादरीशी पुटपुटत होता आणि ताजातवाना होऊन उठत होता. दर वेळी कुणाचा तरी हात तिच्या त्याच दंडावर पडत होता. मुलगी पालथीसुद्धा होऊ शकत नव्हती.

मग उंट तिसऱ्यांदा वाकला आणि उठलाच नाही. सभागृह चिडीचूप झालं. मागे कुणीतरी नाक ओढलं. उंटाचे कान लाल झाले होते. बाकीचे वारस हळूहळू प्रेताभोवती गोळा झाले, आणि त्या घोळक्यात चादर दिसेनाशी झाली.

बाबा उठले.

"खाली बस," आई म्हणाली. "तिथं गेलास तर हीसुद्धा शाळा सोडावी लागेल."

ते गेले. बाजूच्या पायऱ्या चढून विंगेच्या काळ्या कापडाआड शिरले. आता एक पाऊल टाकलं असतं तर ते नाटकातच आले असते. तेवढ्यात त्यांना ऐकू आलं.

"सांग ना, प्लीज," उंट रडकुंडीला आला होता. "पुढचं काय आहे?"

"शनिवारचं काय?" चादर म्हणाली.

"मान हलवली ना मघाशी!"

"मला चादरीतून दिसत नाही. तोंडानं बोल."

"ये. पाच वाजता. गच्चीवर."

"आणि मला मढं म्हणायचं नाही. कुणीच."

"नाही म्हणणार," चार-पाच आवाज एकदम म्हणाले.

"'आजोबा, या घराची किल्ली तुम्ही कुणाच्या भरवशावर ठेवून गेलात?'" चादरीनं शांतपणे सांगितलं. "मग किल्ली वर धर. गेल्या वेळी विसरलास."

उंट उभा राहिला, किल्ली वर धरली आणि असा काही हंबरडा फोडला की टाळ्या थांबेनात. समोरच्या विंगेत नाट्यशिक्षक डोळे पुसत होते.

बाबांचा पाय मात्र उचललेलाच राहिला होता. तो आवाज त्यांच्या ओळखीचा होता. न चढणारा, घाई नसलेला. गोदाम जळायच्या महिनाभर आधी विम्याची रक्कम वाढवून घेणारी माणसं त्यांच्याशी याच आवाजात बोलत आली होती. घरात तो कधी ऐकल्याचं त्यांना आठवेना. पाय जपून मागे घेऊन ते खुर्चीवर परतले.

"काय झालं?"

"काही नाही. वाक्य विसरला होता."

परतताना मुलगी मागच्या सीटवर होती.

"बाबा, तू विंगेत होतास ना? चादर एका बाजूनं आखूड आहे. तुझे बूट दिसले."

बाबांनी आरशात बघितलं. ती त्यांच्याकडेच बघत होती.

"काय ऐकलंस?"

सिग्नल हिरवा झाला होता. मागच्या गाडीनं हॉर्न दिला.

"तिथं काही ऐकू येत नाही," ते म्हणाले.

"बरं झालं," ती म्हणाली आणि पुढे वाकून तिनं त्यांचा खांदा थोपटला.

"बघ," आई खुशीत म्हणाली, "शनिवारी बोलावलंय तिला. उगाच संशय घेत होतास पोरांवर."

शनिवारी बाबा न्यायला गेले तेव्हा झाडून सगळे नट तिला फाटकापर्यंत पोचवायला आले होते. उंटानं गाडीचं दार उघडून धरलं. सुनेनं तिची पिशवी आत ठेवली.

"येते मी," ती म्हणाली.

"हो, ये, ये ना," सगळे म्हणाले, मुख्याध्यापक निघाले की म्हणतात तसं. गाडी वळेपर्यंत कुणी जागचं हललं नाही.

"कशी झाली पार्टी?" बाबांनी विचारलं.

"पाऊण तासात आटोपली," ती म्हणाली. "उंटाला म्हणे गणिताची शिकवणी होती."